ओट्याची उंची

प्रिय आई,

तीर्थरूप वगैरे लिहायला घेतलं होतं, पण तेवढं लिहून झाल्यावर पेन पुढे हलेना. इतक्या मानाच्या मायन्याखाली मला जे लिहायचंय ते शोभलं नसतं. म्हणून कागद फाडला आणि प्रिय लिहिलं. तुम्ही आहातच प्रिय. आणि सासूला प्रिय लिहिणारी सून नक्की काहीतरी मागायला आलीय, हे ओळखण्याइतक्या तुम्ही हुशारही आहात.

दर रविवारी फोनवर बोलतो, आता हे पत्राचं खूळ कुठून काढलं, असं म्हणाल. सांगते. फोन तुमच्या हातात असतो आणि आपली पोर, मुंगी, तुमच्या मांडीवर. त्यात तुम्ही आवाज इतका मोठा ठेवता की मी काल काय जेवले ते शेजारच्या काकूंना माझ्याआधी आठवतं. शिवाय फोनवर तुमचा चेहरा दिसतो. काही गोष्टी तुमच्या चेहऱ्याकडे बघत सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून हा कागद. मुंगी शाळेत गेली की वाचा. खुर्चीवर बसून, चष्मा लावून वाचा. गॅसवर काही ठेवून उभ्या उभ्या वाचू नका, तुम्हाला सवय आहे ती.

मी दुपारच्या सुट्टीत मालकाच्या गाडीत बसून लिहितेय. गाडी म्हणजे मागे पाइप, पाने-पकडी आणि बादल्या आणि पुढे चालक म्हणून मी. कागदावर काळे डाग दिसले तर ते माझ्या बोटांचे आहेत, कितीही घासलं तरी नखांतून जात नाहीत. अक्षरही बिघडलंय. तुम्ही एकेकाळी माझ्या अक्षराचं कौतुक करायचात, तेवढ्यासाठी आता माफ करा. बाकीच्यासाठी माफ करा म्हणायला मला तोंड नाही.

आधी बातमी. आपलं इथे परदेशात कायमचं राहायच्या परवान्याचं काम झालं. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ज्याच्या नावानं तुम्ही रोज देवापुढे बसलात, ते आलं. तुमचे चिरंजीव हातातल्या फोनकडे बघत स्वयंपाकघरात नुसते उभे राहिले. मी नळ सोडून त्याखाली हात धरले आणि रडून घेतलं. मग दोघांनी चहा केला आणि बिनसाखरेचा तसाच प्यायलो, दोघांपैकी एकालाही कळलं नाही. घरात आनंद झालाय आणि माणसं मात्र कुणाचं तरी वाईट झाल्यासारखी बसलीत, असं ते चित्र होतं. आणि आई, ही बातमी आजची नाही. मधे कितीतरी रविवार गेले. दर रविवारी तुम्ही विचारलंत, काही कळलं का गं? दर रविवारी मी म्हणाले, नाही हो अजून, इथली कामं सावकाश. खोटं बोलले. लिहून टाकलं एकदाचं.

का बोलले, तेही लिहायचंय, पण ते लिहिण्याआधी सारखं जुनंच आठवतंय. कारखाना बंद पडून तुमचे चिरंजीव घरी बसले होते ते दिवस. तो परदेशी पाठवणारा गुळगुळीत दाढीचा एजंट आपल्या घरी येऊन बसला होता. ह्यांनी भाषेची परीक्षा दिली आणि आपटले, पुन्हा दिली आणि पुन्हा आपटले. मी आपली सोबत म्हणून बसले होते आणि चक्क पास झाले. घरात कशी चिडीचूप शांतता झाली होती! ती तुम्हीच मोडलीत. मग काय, हीच जाईल, म्हणालात, जशी काही मी कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघाले होते. एजंट म्हणाला की कॉमर्सच्या पदवीला तिकडे कुणी विचारत नाही. तिथे माणसं हवीत ती हातानं काम करणारी. स्वयंपाकी, केस कापणारे, फरशी बसवणारे, नळाचं काम करणारे. तिथे जाऊन तो धंदा रीतसर शिकायचा, मग त्याच धंद्यात काम करायचं, मग कायमचं राहायला मिळतं. मी लाजत लाजत केस कापण्याकडे बोट नेत होते. तुम्ही म्हणालात, नळाचं शीक. जन्मभर नळवाल्याची वाट बघितली मी, दुपारी येतो म्हणतो आणि चौथ्या दिवशी उगवतो, वर आपणच त्याला चहा द्यायचा. इतका भाव खाणारा माणूस दुसरा नाही. शिकायचं तर तेच शीक. एजंट हसला. तुम्ही त्याच्याकडे नुसत्या बघत राहिलात आणि त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं.

मुंगी तेव्हा बोबडं बोलत होती. मला सोडवत नव्हती, आणि तुम्ही एवढंच म्हणालात की मी आहे ना. पुढे मी एकटीनं जायचं ठरत होतं तर तेही तुम्हीच मोडून काढलंत. शिकणाऱ्या बाईबरोबर नवऱ्याला जाता येतं म्हणे, मग हा इथे बसून काय करणार, नवरा-बायकोनं वेगळं राहू नये, पोर मी बघते. म्हणजे स्वतःचं घर तुम्ही स्वतःच्या हातानं रिकामं केलंत. निघताना ह्यांनी दारात तुम्हाला सांगितलं की सगळं झालं की तुम्हा दोघींना एकदमच नेतो. मी शेजारी उभी राहून मान डोलावली होती. तेव्हा ते खोटं नव्हतं. आम्हाला खरंच तसं वाटत होतं. आम्हाला काय कप्पाळ माहीत होतं!

शिकण्याबद्दल मी तुम्हाला फोनवर फारसं कधी सांगितलंच नाही, गमती तेवढ्या सांगितल्या. आमच्या मास्तरांच्या वर्कशॉपमध्ये ओळीनं न्हाणीघरं होती, जिथे कधी कुणी आंघोळ करणार नव्हतं. भिंत उभी करायची, आतून पाइप न्यायचे, बेसिन बसवायचं, टाकी बसवायची, पाणी दाबानं भरायचं आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा जरा खाली सरकला की कुठेतरी गळतंय. शोधा मग. आणि सगळं नीट झालं की मास्तर म्हणायचे, छान, आता पाडा. पहिल्यांदा पाडताना मला इतकं वाईट वाटलं की मी आधी त्या बेसिनमध्ये हात धुऊन घेतले. वर्गात मी एकटी बाई, बाकी सगळी मिसरूड फुटलेली पोरं. तांब्याच्या पाइपाला डाख देताना माझी डावी भुवई जळाली, तेव्हा आठवतं, फोनवर मी महिनाभर केस कपाळावर घेऊन बसायची आणि तुम्ही म्हणायचात, हे काय नवीन सोंग?

आणि ती आपली टाकी! घरची फ्लशची टाकी वाहायला लागली आणि नळवाला नेहमीसारखा बेपत्ता. मी म्हटलं, आई, फोन टाकीवर धरा आणि मी सांगते तसं करा. तुम्ही पदर खोचलात. आतला तरंगता गोळा कुठला, दांडी कुठली, वॉशर कुठला, मी इकडून सांगतेय आणि तुम्ही तिकडून मला शिव्या घालताय. शेवटी पाणी थांबलं तेव्हा तुमचा चेहरा काय फुलला होता. नंतर शेजारच्या काकूंचा नळही तुम्हीच केलात म्हणे, आणि दुपारी येते सांगून मुद्दाम दुसऱ्या दिवशी गेलात. हे मी इथे सगळ्यांना सांगितलंय. आमचा मालक म्हणतो, तुझ्या सासूला आण, माझ्याकडे माणसं कमी आहेत. तो हे गमतीनं म्हणतो आणि मी तिथून काढता पाय घेते.

मधे मी एकटी सुट्टीवर आले होते, त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. मुंगी तुम्हाला आई म्हणते. ह्यांचं ऐकून, माझं ऐकून, घरात सगळेच तुम्हाला आई म्हणतात म्हणून. आणि मी तिची फोनमम्मी. मी दारात उभी होते आणि ती तुमच्या साडीमागून बघत होती. मग हळूच पुढे आली, माझ्या गालाला बोट लावलं, आणि तुम्हाला विचारलं, ही बंद कशी करायची? तुम्ही हसलात, मीही हसले, काकू तर पोट धरून हसल्या. पण झोपायची वेळ झाली तेव्हा ती मला म्हणाली, आता तू जा फोनमध्ये, आम्हाला झोपायचंय. तुम्ही तिला रागे भरलात. मी म्हटलं, असू दे हो, लहान आहे. आणि न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला. तुम्हाला कळलं होतं. सकाळी तुम्ही मुद्दाम बाजारात निघून गेलात, तिला माझ्यापाशी ठेवून, आणि ती खिडकीच्या गजाला नाक लावून तुम्ही परत येईपर्यंत तशीच उभी राहिली. मला तुमचा राग आला होता, आई. माझी पोर तुमची झाली म्हणून. तुम्ही माझ्यासाठी एवढं करत होतात आणि मला तुमचाच राग येत होता. अजूनही कधीकधी येतो.

मग सगळं सोडून परत का आले नाही, असं कुणीही विचारेल. तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच सांगते. मला इथे आवडायला लागलं. हे वाक्य लिहून मी मघापासून खिडकीबाहेर बघत बसले होते. मला हे काम आवडतं. एखाद्या घरात जावं, माणसं वैतागलेली असावीत, जमिनीवर पाणी साठलेलं असावं, आणि आपण गुडघ्यावर बसून तासाभरात सगळं कोरडं करून द्यावं. मला कुणी सूनबाई म्हणत नाही, मॅडम म्हणत नाही, नळवाली आली म्हणतात आणि दार उघडतात. तिकडे असताना कुरिअरच्या ऑफिसात पावत्या फाडत होते तेव्हा संध्याकाळी घरी आल्यावर मला स्वतःबद्दल असं कधी वाटलं नव्हतं. मी पोरीसाठी करतेय, पोरीसाठी करतेय असं सगळ्यांना सांगत राहिले, आणि खरं म्हणजे त्यातलं अर्धं तरी माझ्यासाठी होतं. तिच्या तापात तुम्ही तिला मांडीवर घेऊन बसला होतात, आणि मी इथे पहिल्यांदा एकटीनं अख्ख्या घराचं काम केलं म्हणून खूश होते. दोन्ही एकाच दिवशी होतं, आई.

आता ते, जे लिहायचं टाळतेय. परवान्यात तिघांची नावं आहेत. माझं, ह्यांचं आणि मुंगीचं. तुमचं नाही. आम्ही इथल्या परवान्याच्या ऑफिसात विचारायला गेलो होतो, दोघंही, कामावर दांडी मारून, चांगले कपडे घालून. खिडकीमागच्या बाईनं समजावून सांगितलं. इथल्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची मुलं. आई कुटुंबात येत नाही. आईवडिलांची रांग वेगळी, आणि ती इतकी लांब की किती वर्षं लागतील ते तिलाही सांगता येईना. पाहुणी म्हणून या म्हणे, काही महिने राहा आणि परत जा. तुमचे चिरंजीव तिच्याशी भांडायला लागले. आई कुटुंबात येत नाही तर मग कोण येतं, असं आपल्या भाषेतच ओरडले. ती बाई बिचारी आमच्याकडे बघत राहिली. मी ह्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. फूटपाथवर आम्ही नुसतेच उभे होतो आणि माझ्या मनात आलं की आता आईंना कोण सांगणार. तुमचं काय होणार हे त्यानंतर मनात आलं. हाच क्रम होता, आणि तो मी विसरू शकत नाही.

ह्यांनी त्या रविवारी सांगायचं ठरलं होतं. फोन लावला, आणि तुम्ही बोलायलाच सुरुवात केलीत. तुमचा पासपोर्ट आला होता. फोटोसाठी तुम्ही मुद्दाम कवळी लावून गेला होतात आणि फोटोवाल्यानं हसू नका म्हटल्यावर त्याच्यावर उखडला होतात, मग लावली कशाला म्हणून. तुम्ही सांगत होतात, मुंगी नकला करत होती आणि ह्यांची बोबडी वळली. पुढच्या रविवारी सांगतो, म्हणाले. पुढच्या रविवारी तुम्ही कुंड्या काकूंना देऊन टाकल्यात ते कळलं. त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही मुंगीच्या पुस्तकातून इकडची भाषा शिकत होतात, आणि माझं नाव अमुक आहे, मला पाणी हवं आहे, एवढं म्हणून दाखवलंत. आम्ही टाळ्या वाजवल्या. काय करणार होतो?

मग तुम्ही ते विचारलंत. तिकडे ओटा किती उंच असतो गं? उंच असला तर माझे खांदे भरून येतात. आणि मी काय केलं असेल? सांगितलं. थोडा उंचच आहे हो आई, इथली माणसं उंच ना. हे तर त्याच्या पुढे गेले. माझ्या कामाची टेप घेतली, ओट्याला लावली आणि तुम्हाला माप वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, थांब, लिहून घेते. फोन बंद झाल्यावर हे टेप धरून तसेच उभे. मी म्हटलं, माप कशाला दिलंत? म्हणाले, तिनं विचारलं ना. मोठा माणूस, आणि शाळेतल्या पोरासारखं तोंड. मला इतका संताप आला की मी टेप त्यांच्या हातातून ओढून घेतली, आणि तेवढ्यात ती सर्रकन आत गेली आणि माझं बोट कापलं.

गेल्या रविवारी तुम्ही फोन फिरवून तो पाट दाखवलात. सुताराला ते माप देऊन करून घेतलेला, चार बुटके पाय, वर बिजागऱ्या, कारण घडी झाली नाही तर बॅगेत मावणार कसा. सुतारानं नको म्हटलं तरी तुम्ही त्याला करायला लावलंत. मुंगीला त्याच्यावर उभं केलंत, मग स्वतः चढलात, भिंतीला हात धरून. म्हणालात, बघ, आता तुझ्या ओट्याची कशी ऐट उतरवते. तू आपली नळ दुरुस्त करत फिर, घरी आलीस की गरम जेवण ताटात. मुंगी म्हणाली, आणि मी आईच्या शेजारी झोपणार, फोनमम्मी, तुझ्या घरात आमची खोली कुठली? तेव्हा मी रेंज गेली असं सांगून फोन कापला. रेंज कुठे जाते! मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि ह्यांना म्हटलं, आता मी लिहिते.

इथे एक बाई आहे, तुमच्याच वयाची. तिच्याकडचा नळ सारखा गळतो म्हणून आम्हाला बोलावणं येतं. दोन-तीनदा गेल्यावर माझ्या लक्षात आलं की वॉशर खराब नाही, कुणीतरी पान्यानं मुद्दाम सैल केलेला असतो. पाना तिच्याच चमच्यांच्या खणात होता. मी खण परत लावून टाकला. नळ आवळायची, चहा प्यायची, भिंतीवरचे नातवंडांचे फोटो पुन्हा बघायची आणि निघायची. तिचा मुलगाही परदेशात आहे म्हणे. म्हणजे हा परदेश सोडून आणखी कुठल्या परदेशात. आधी मला तिची कीव यायची. परवाना आल्यावर मी मालकाला सांगून ते घर दुसऱ्याला दिलं. तिनं विचारलं होतं म्हणे, ती मुलगी का येत नाही? मालकानं सांगितलं, कामात आहे.

ह्यांच्यावर रागावू नका. ते दिसतात तसे दगड नाहीत. गोदामातल्या कामावरून येतात, जेवतात, आणि तुमचे जुने आवाजी निरोप लावून ऐकतात, दूध नासलं, लाइट गेली होती, मुंगीचा दात हलतोय, असले. ते तुम्हाला हे कधीच सांगू शकले नसते. मी सांगू शकते, कारण मी परकी आहे, आणि परक्या माणसाचं मन घट्ट असतं असं मला वाटलं होतं. ते तसं नाही, हे या पत्राच्या पहिल्या पानावरच कळलं.

आता पत्र का लिहिलं ते. तुम्हाला येता येणार नाही एवढंच सांगायचं असतं तर कदाचित अजून काही रविवार मी तोंड लपवलं असतं. पण मुंगीनं ठरलेल्या मुदतीत इथे पाऊल ठेवलं नाही तर तिचाही हक्क जातो. तिची परीक्षा संपली की हे तिला न्यायला येणार आहेत. ह्यांचं म्हणणं होतं, तुम्हालाही बॅग भरून विमानतळावर आणायचं, आई मागून येतेय असं मुंगीला सांगायचं आणि तिला आत घेऊन जायचं. मी ह्यांना म्हटलं, असं केलंत तर ती मोठी झाल्यावरही मला फोनमम्मीच म्हणेल, आणि तुम्हाला, तिच्या बापाला, तर काहीच म्हणणार नाही. तिला माझ्याकडे आणू शकेल असं एकच माणूस आहे, ते म्हणजे तुम्ही, आई. मी तिला हाक मारली तर ती यायची नाही. तुम्ही जा म्हणालात तरच येईल. खरं सांगून जा म्हणालात तर. तुम्ही येणार नाही हे तिला तुमच्याच तोंडून कळायला हवं, आणि ते कळल्यावरही तिला यावंसं वाटायला हवं, आणि त्यासाठी दारात तुम्ही रडता कामा नये. एवढं मी तुमच्याकडे मागतेय. परवानगी मागतेय असं लिहिणार होते, पण तिकीट आधी काढून मागितलेली परवानगी कसली? तुम्ही आजवर मला कधी नाही म्हटलं नाहीत, आताही म्हणणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्याच भरवशावर मी विचारतेय. इतकी मी वाईट आहे. तरी तुम्हाला नाही म्हणायचा हक्क आहे, आई, माझ्यापेक्षाही जास्त. रविवारी फोन लावीन तेव्हा तुम्ही नुसतं नाही म्हणा. मी कारण विचारणार नाही, तिकीट रद्द करेन, मुंगी तुमच्यापाशीच राहील आणि मी तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द तोंडातून काढणार नाही. शपथ. पण आई, नाही म्हणू नका.

तुमच्यापुढे मान खाली घालून,
तुमचीच सून